वेबसाइट बनवणाऱ्यांनो, ॲक्सेसिबिलिटीच्या बाबतीत अद्ययावत कसे राहता?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीत वेबसाइटची कामं करतो. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, शाळा, दवाखाने, एखादं मंगल कार्यालय. मी आणि एक सहकारी, दोघांतच सगळं चालतं. टेस्टिंगला वेगळा माणूस नाही.

सध्या एका पतसंस्थेची साइट नव्याने करायला घेतली आहे. पहिल्याच बैठकीत संचालक मंडळातल्या एका मॅडमनी विचारलं, "आपले काही सभासद अंध आहेत, वयस्कर तर कितीतरी. त्यांना ही साइट वापरता येईल ना?" इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाकडून असा प्रश्न पहिल्यांदाच आला आणि तो मला मनापासून पटला. म्हणून ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे दिव्यांग आणि वयस्कर माणसांनाही साइट वापरता येण्याचं, वाचायला बसलो, तर डब्ल्यूसीएजी (त्यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) २.०, २.१, २.२, तिसरी आवृत्ती मसुद्यात. सरकारी साइटसाठीची जीआयजीडब्ल्यू ही नियमावली वेगळी, आयएस १७८०२ हे भारतीय मानक वेगळं. त्यात ब्राउझर दर महिन्याला नवीन काहीतरी आणतात. दिवसभर गिऱ्हाइकांच्या कामात असलेल्या माणसाने यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं? तुम्ही कसं करता ते सविस्तर लिहा. मराठी साइटचा अनुभव असेल तर फारच उत्तम.

जुना_ब्राउझर

चांगला धागा काढलात. आधी एक धास्ती कमी करतो. हे नियम बाहेरून वाटतात तितक्या वेगाने बदलत नाहीत. डब्ल्यूसीएजीची पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी डिसेंबर २००८ ची. २.१ यायला जून २०१८ उजाडला आणि २.२ आली ऑक्टोबर २०२३ मध्ये. २००८ च्या निकषांपैकी फक्त एक वगळला गेला, पार्सिंगचा. मार्कअप (पानाचा एचटीएमएल कोड) चुकलं तरी आताचे ब्राउझर ते एकाच रीतीने सावरून घेतात, म्हणून त्याची गरज उरली नाही. बाकी सगळं तसंच आहे, त्यावर भर पडत गेली. तेव्हा २.२ ची एए पातळी (ए, एए, एएए या तीनांतली मधली) धरा. जीआयजीडब्ल्यू ३.० मधला ॲक्सेसिबिलिटीचा भाग २.१ एए वर बेतलेला आहे, त्यामुळे तो त्यात आपोआप येतो.

२.२ मध्ये नऊ निकष नवीन आले. तुमच्या पतसंस्थेला लागू पडणारे सांगतो. वर चिकटून राहणारा हेडर असेल तर टॅब दाबत खाली जाताना फोकस (कीबोर्डने सध्या जिथे आहोत ती लिंक किंवा रकाना) त्याच्या आड पूर्ण झाकला जाता कामा नये. बटनं किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल, किंवा त्यांच्यात तेवढं अंतर. ओढून करायची गोष्ट, उदाहरणार्थ कर्जाच्या रकमेचा स्लायडर, नुसत्या टिचकीनेही करता यायला हवी. एकाच अर्जात एकदा दिलेली माहिती पुन्हा मागायची नाही. मदतीचा फोन नंबर अनेक पानांवर देत असाल तर सगळीकडे त्याच जागी द्या.

आणि लॉगिन. पासवर्डच्या रकान्यात पेस्ट बंद करून ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. सुरक्षेच्या नावाखाली केलेली ही गोष्ट उलट माणसाला सोपा पासवर्ड ठेवायला भाग पाडते, आणि ज्याला लांब पासवर्ड लक्षात ठेवणं किंवा बघून टाइप करणं जमत नाही तो दाराबाहेरच राहतो. पेस्ट आणि पासवर्ड मॅनेजर, दोन्ही चालू द्या.

ब्राउझरमधल्या नव्या गोष्टींबद्दल माझी पद्धत साधी आहे. नवीन काही आलं की त्याच दिवशी मागे लागत नाही. सगळ्या मोठ्या ब्राउझरांत पोचलं की मग एमडीएन या वेब तंत्रज्ञानाच्या संदर्भ-साइटवर नीट वाचतो. पॉपअपसाठीच्या डायलॉग टॅगचंच बघा. मार्च २०२२ पासून तो क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळीकडे आहे. त्याआधी पॉपअप उघडला की फोकस आत न्यायचा, आतच अडकवायचा, एस्केपने बंद करायचा, मागचं पान निष्क्रिय करायचं, हे सगळं हाताने लिहावं लागे आणि काहीतरी राहून जाईच. आता त्याचं शोमोडल हे फंक्शन वापरलं की यातलं बरंचसं ब्राउझर करतो. तुमचं काम कमी आणि वापरणाऱ्याची सोय जास्त. अद्ययावत राहायचं ते अशा गोष्टींसाठी.

अनिरुद्ध_ठाणे

मी जन्मांध आहे, बँकेत नोकरी करतो. ऑफिसात संगणकावर एनव्हीडीए, फोनवर टॉकबॅक. हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम. साइट माझ्यासमोर कशी येते ते लिहितो, कारण बहुतेक डिझायनरांनी ते कधी ऐकलेलंच नसतं.

पान उघडलं की मी ते वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाही. एच दाबतो. एनव्हीडीए पुढच्या मथळ्यावर उडी मारतो आणि "हेडिंग लेव्हल २, ठेव योजना" असं सांगतो. चार-पाच उड्यांत पानाचा नकाशा डोक्यात येतो. वेबएम या ॲक्सेसिबिलिटीवर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांपैकी ७१.६ टक्के लोकांनी लांब पानात माहिती शोधायला आधी मथळेच वापरतो असं सांगितलं होतं. पण तुम्ही मथळा म्हणून नुसती मोठी, ठळक अक्षरं केली असतील तर एच दाबल्यावर मला "नो नेक्स्ट हेडिंग" ऐकू येतं. तुम्हाला पानावर सात विभाग दिसत असतात, माझ्यासाठी ती एकच सलग भिंत असते.

मग लिंकची यादी काढतो. त्यात "अधिक वाचा, अधिक वाचा, इथे क्लिक करा, अधिक वाचा". कशाबद्दल अधिक? "मुदत ठेवीचे व्याजदर" एवढं लिंकमध्येच लिहिलंत की काम झालं.

आता खास मराठीचा मुद्दा. पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा लिहायची असते, मराठीसाठी 'एमआर'. बाहेरून घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये ती इंग्रजी असते आणि तशीच राहून जाते. मग पान इंग्रजीच आहे असं समजून स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच आवाजात म्हणतो किंवा गाळून टाकतो. काही जण हिंदीचा कोड टाकतात, लिपी तीच म्हणून. तेव्हा हिंदी आवाज लागतो. "चमचा", "जहाज" यांचे उच्चार तर बिघडतातच, पण खरी अडचण आकड्यांची होते. मराठी वाक्याच्या मधोमध "पच्चीस हजार" ऐकू येतं. खात्यातली रक्कम ऐकताना अशी ठेच लागणं बरं नव्हे. ही दोन अक्षरांची दुरुस्ती आहे, पण तिने अख्खी साइट ऐकण्याजोगी होते.

प्रथमेश_एन

अनिरुद्धदादा, डोळे उघडणारा प्रतिसाद. मी नुकताच या क्षेत्रात आलोय. एक शंका आहे. साइटच्या कोपऱ्यात माणसाचं चिन्ह असलेलं विजेट मिळतं, एक ओळ कोड टाकला की अक्षरं मोठी, रंग बदल, सगळं होतं म्हणे. ते लावलं तर कृष्णाकाठ यांचं काम पटकन नाही का होणार?

अनिरुद्ध_ठाणे

प्रथमेश, नको लावूस. माझ्याकडे स्क्रीन रीडर आधीच आहे, अक्षरं मोठी करणाऱ्यांकडे ब्राउझरचा झूम आहे. त्या विजेटने मथळे तयार होत नाहीत, फॉर्मला खरी लेबलं मिळत नाहीत. उलट ते मध्येच स्वतःची बटनं घुसवतं आणि माझ्या शॉर्टकटच्या आड येतं.

मुग्धा_डब्लिन

अनिरुद्ध यांना शंभर टक्के अनुमोदन. अशा विजेटपैकी सर्वांत प्रसिद्ध ॲक्सेसिबी. आमचं उत्पादन कुठलीही साइट डब्ल्यूसीएजीनुसार करून देतं, या तिच्या जाहिरातीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०२५ मध्ये कंपनीला १० लाख डॉलर भरायचा आदेश झाला.

मी आयर्लंडमध्ये ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत काम करते. इथे २८ जून २०२५ पासून युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट लागू झाला. ऑनलाइन दुकानं, बँकसेवा, ई-पुस्तकं, सगळं त्यात येतं. सेवा देणाऱ्या अगदी लहान उद्योगांना, म्हणजे दहापेक्षा कमी माणसं आणि उलाढाल २० लाख युरोंच्या आत, त्यातून सूट आहे. पुण्या-मुंबईच्या अनेक कंपन्या युरोपातल्या गिऱ्हाइकांसाठी कामं करतात, त्यांच्यापर्यंत हे केव्हाच पोचलंय. युरोपात ज्या मानकावर काम चालतं ते ईएन ३०१ ५४९, आणि आपलं आयएस १७८०२ त्याच्याच धर्तीवर आहे. तेव्हा एक नीट समजलं की दुसरं परकं वाटत नाही.

शिकण्याबद्दल: आमच्या टीममध्ये दर पंधरवड्याला एक जण एकच निकष समजावून सांगतो. डब्ल्यूसीएजी बनवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या साइटवर प्रत्येक निकषाला 'अंडरस्टँडिंग' नावाचं पान आहे. त्यात तो कोणासाठी लिहिला, कसा पाळला जातो, कसा मोडला जातो, हे उदाहरणांसकट असतं. ते वाचायचं आणि लगेच आपल्याच साइटवर तपासायचं. नुसत्या बातम्या वाचून माझ्या डोक्यात काहीही राहिलं नाही, असं तपासलेलं मात्र पक्कं बसलं. दोघांच्या टीमलाही हे सहज जमेल.

अक्षरवेडी

देवनागरीबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं, कारण परदेशी चेकलिस्टमध्ये हे सापडत नाही.

पहिली गोष्ट ओळींमधलं अंतर. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये ते बरेचदा १.२ किंवा १.३ असतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. "र्‍हस्व", "मूर्ती", "द्वंद्व" असे शब्द एकाखाली एक आले की वरचा उकार खालच्या रफाराला जाऊन भिडतो. नजर अधू असलेल्या माणसाला तिथे काय लिहिलंय ते कळतच नाही. मी मजकुराला १.६ च्या खाली जात नाही. दुसरं, लेटर स्पेसिंग. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं सुटी करायची फॅशन आहे. तेच देवनागरीला लावलं की शिरोरेषा तुटते. मराठी मथळ्यांना ते शून्यच ठेवा. मात्र एखाद्या वाचकाने स्वतःच्या सोयीसाठी अंतर वाढवलं तर तुमची मांडणी कोलमडता कामा नये, हा निकष २.१ पासून आहेच.

भाषेच्या कोडचा आणखी एक फायदा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी दिलेली आहेत आणि पानाची भाषा मराठी सांगितली की ती आपोआप येतात. ज्या वळणावर डोळा घडलाय ते अक्षर वाचायला कमी कष्ट पडतात, आणि आपल्या मुलांना आपली अक्षरं पडद्यावरही दिसतात. मला याचं फार अप्रूप आहे.

रंगाचंही सांगते. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. आपल्याकडे केशरी रंगाची आवड मोठी. नेहमीचा केशरी (एफएफ९९३३) पांढऱ्यावर जेमतेम २.१ ला १ भरतो. तोच केशरी मागे घेऊन त्यावर काळी अक्षरं लिहिली तर ९.८ ला १. म्हणजे रंग सोडायची गरज नाही, फक्त जागा बदलायची. करडा हवा असेल तर पांढऱ्यावर ७६७६७६ हा रंगाचा कोड ही हद्द समजा, त्याहून फिका नको.

वेबएम दरवर्षी १० लाख मुख्य पानं तपासतं. २०२५ च्या तपासणीत ७९ टक्के पानांवर फिकी अक्षरं सापडली, सगळ्या दोषांत पहिला नंबर. आणि सुधारायला सर्वांत सोपा दोषही हाच.

कृष्णाकाठ

एवढ्या मनापासून लिहिताय सगळे, खूप आभार. भाषेचा कोड आजच 'एमआर' केला. मॅडमना फोनवर टॉकबॅक लावून जुनी साइट ऐकवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने दुसऱ्या संचालकांना बोलावून त्यांनाही ऐकायला लावलं.

दोन प्रश्न. जुन्या साइटवर सूचनांची पट्टी सरकत असते, ती हवीच असा आग्रह आहे. आणि सभासद नोंदणी, ओटीपीसह फॉर्म आहे. त्यात काय सांभाळू?

जुना_ब्राउझर

सरकती पट्टी: पाच सेकंदांपेक्षा जास्त आपोआप हलणारी गोष्ट थांबवायची सोय हवी, हा अगदी तळाच्या ए पातळीचा निकष आहे. मजकूर सरकवणारा मार्की टॅग तर कधीच बाद झालाय. संचालकांना विचारा, त्या पट्टीतली सूचना शेवटची कोणी पूर्ण वाचली होती? हळू वाचणाऱ्या माणसाच्या हातून ती निसटते, हात थरथरत असेल तर सरकत्या लिंकवर बोट टेकत नाही. तिथे "सूचना" असा खरा मथळा द्या, खाली तारखेसह तीन ताज्या सूचनांची स्थिर यादी. आणि कृपा करून सूचनेचा फोटो टाकू नका, मजकूर टाका. लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून चढवलेली वार्षिक सभेची नोटीस अनिरुद्ध यांच्यासाठी कोरं पान आहे. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या पीडीएफचंही तेच. पडद्यावर मराठी दिसतं, आत भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि स्क्रीन रीडर ती वाचतो.

फॉर्मचं आपल्या भाषेपुरतं सांगतो, कारण इथे मराठी माणूस हकनाक अडतो. मोबाइल नंबर तपासायला सगळे जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकूर तपासायच्या साच्यातला) अंकांचा डी वापरतात. तो फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मराठी कीबोर्डवरून कोणी ९८२२ असं लिहिलं की "अवैध क्रमांक". आजोबा परत परत तोच बरोबर नंबर लिहीत बसतात. तपासण्याआधी देवनागरी अंक बदलून घ्या, दोन ओळींचं काम आहे. नावाचंही तसंच. "फक्त अक्षरं चालतील" म्हणून युनिकोडमधला अक्षरांचा वर्ग लावला तर "किरण" नाकारलं जातं, कारण पहिली वेलांटी त्या वर्गात येतच नाही. चिन्हांचा वर्गही जोडावा लागतो. आणि अक्षरमर्यादा जपून घाला. "क्षितिज" डोळ्याला तीन अक्षरं, संगणकाच्या मोजणीत सात.

अनिरुद्ध_ठाणे

ओटीपीबद्दल मी लिहितो. सहा वेगळे चौकोन करू नका. मला काय ऐकू येतं सांगतो: "एडिट, ब्लँक". एक अंक लिहितो, फोकस आपोआप पुढे उडतो, पुन्हा "एडिट, ब्लँक". लिहिलेला अंक बरोबर पडला का, मी कितव्या चौकोनात आहे, काही पत्ता नाही. मेसेजमधून कॉपी करून पेस्ट केलं तर बरेचदा पहिल्या चौकोनात एकच अंक बसतो. तेवढ्यात वेळ संपते.

एकच रकाना ठेवा, त्याला "मोबाइलवर आलेला सहा अंकी ओटीपी" असं खरं लेबल द्या, ऑटोकम्प्लीटमध्ये वन-टाइम-कोड लिहा, म्हणजे फोन स्वतःच अंक सुचवतो. इनपुटमोड न्यूमरिक ठेवलं की अंकांचा कीबोर्ड येतो. सहा चौकोनांचं दिसणं हवंच असेल तर ते सीएसएसने काढा.

चूक झाली तर रकाना नुसता लाल करू नका. काय चुकलं ते शब्दांत लिहा, ते रकान्याशी जोडा आणि फोकस तिथे आणा. फिक्या प्लेसहोल्डरला लेबल समजू नका. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं आणि वयस्कर माणूस विसरतो की इथे काय विचारलं होतं.

रेवती_लॉ

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी, दोन्ही संस्था धरल्या आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला १५(१) हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली मानकं शिफारशीसारखी राहिली होती, आणि केंद्राला बंधनकारक मानकं करायला सांगितलं. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून निकाल. ई-केवायसीत जिवंतपणा सिद्ध करायला डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या व्यक्तीने ते कसं करायचं? न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले. पैशाच्या व्यवहारातल्या कुठल्याही संस्थेने हा निकाल वाचावा. कृष्णाकाठ, संचालक मंडळापुढे ठेवायला हा एवढा पुरे आहे.

प्रथमेश_एन

काल लाइटहाउस या स्वयंचलित तपासणीच्या साधनात माझ्या साइटला ॲक्सेसिबिलिटीत १०० आले. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅबने मेन्यू उघडून पाहिला, तर उघडलाच नाही. डिव्हवर, म्हणजे नुसत्या चौकटीच्या टॅगवर, क्लिक लावलेला टेम्प्लेट होता. बटन टॅग घातल्यावर एंटर, स्पेस, फोकस, सगळं आपसूक आलं. सीएसएसमध्ये फोकसची चौकट लपवणारं आउटलाइन नन होतं तेही काढलं, फोकस-व्हिजिबल वापरलं.

मुग्धा_डब्लिन

शाब्बास! स्वयंचलित साधन फोटोला पर्यायी मजकूर आहे की नाही ते सांगतं, तो बरोबर आहे की नाही ते सांगू शकत नाही. ॲक्स, वेव्ह, लाइटहाउस जरूर चालवा, रोज चालवा, पण त्यानंतर कीबोर्ड, मग ४०० टक्के झूम, मग स्क्रीन रीडर. १२८० पिक्सेलच्या पडद्यावर ४०० टक्के केलं की ३२० पिक्सेल उरतात. तेव्हा आडवं स्क्रोल करावं लागता कामा नये. चिकटलेला हेडर अर्धा पडदा खातो ते इथेच कळतं.

कृष्णाकाठ

स्क्रीन रीडर मी चालवायला लागलोय, पण रोज वापरणाऱ्या माणसाने तपासावं असं वाटतं. अशी माणसं कुठे भेटतील आणि तपासणी कशी करायची?

अनिरुद्ध_ठाणे

आधी तुमच्या पतसंस्थेचेच सभासद. मॅडमना विचारा, त्या ओळखत असतील. शिवाय मुंबईत नॅब ही अंधांसाठीची संस्था आहे, सेंट झेवियर्स कॉलेजचं एक्सआरसीव्हीसी हे अंधांसाठीचं केंद्र आहे, पुण्यात अंधजन मंडळ आहे, तिथे चौकशी करा. वेळेचे पैसे द्या. हे तज्ज्ञाचं काम आहे आणि बजेटमध्ये तसंच लिहा. एक अंध, एक अगदी कमी दिसणारी व्यक्ती आणि हात नीट चालत नसलेलं कोणी, एवढे मिळाले तरी भरपूर.

साइट पूर्ण झाल्यावर बोलावू नका, आराखडा झाल्या झाल्या बोलवा. तेव्हा बदल स्वस्तात होतो. "साइट कशी वाटली?" असं विचारू नका, भिडेखातर सगळे छान म्हणतात. काम सांगा: एक वर्षाच्या ठेवीचा व्याजदर शोधा, विश्रामबाग शाखा किती वाजता बंद होते ते सांगा, सभासद अर्ज भरून पाठवा. त्यांचा स्वतःचा फोन वापरू द्या, आवाजाचा वेग त्यांचाच राहू द्या. तुम्ही शेजारी बसा, अडले तरी लगेच सांगू नका, कुठे अडले ते लिहून घ्या. अर्जाचं पान तयार झालं की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी संध्याकाळी मी फोनवरून बसून तपासून देतो.